शिकारीसाठी रायफल आणि हँडगनचं कॅलिबर: आकड्याआधी गोळी बघा

माळरान (धागाकर्ता)

जूनच्या सुमारास कोलोरॅडोच्या शिकार-परवान्यांची सोडत लागली की आमच्या डेन्व्हरकडच्या मराठी मंडळींत एकच प्रश्न फिरायला लागतो: "परवाना तर लागला, आता रायफल कुठली घेऊ?" विचारणारे बहुतेक पहिल्यांदाच जाणारे असतात. कुणाला ऑफिसातल्या सहकाऱ्याने ओढलेलं असतं, कुणाला आपल्या ताटात येणाऱ्या मांसाची जबाबदारी एकदा तरी स्वतः घ्यायची असते. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं माझं मत आहे. हा धागा अमेरिकेतल्या परवाना घेऊन केलेल्या शिकारीबद्दल आहे. मी लिहिणार ते मुख्यतः कोलोरॅडोतल्या म्यूल डियर (मोठ्या कानांचं हरीण), प्राँगहॉर्न (काळविटासारखं जनावर) आणि एल्क (सांबरापेक्षा मोठं हरीण) यांच्याबद्दल. बाकी राज्यांतल्या लोकांनी भर घालावी.

दुकानात गेलं की गप्पा कॅलिबरच्या, म्हणजे गोळीच्या व्यासाच्या आकड्यांपासून सुरू होतात. .२७० चांगलं की .३०-०६, ६.५ क्रीडमूर पुरतं का, मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) हवंच का. मला वाटतं हा क्रमच उलटा आहे. गोळी कशी बनवली आहे, जनावरापर्यंत पोचताना तिचा वेग किती उरतो आणि त्या रायफलीचा धक्का खाऊन तुमचा नेम ठरलेल्या जागी बसतो का, हे आधी ठरवा. मग नळीवरचा आकडा जवळजवळ आपोआप ठरतो.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण तिथे मतभेदाला जागा नाही. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची, म्हणजे ६ मिलिमीटरची लागते. गोळी फुलणारी हवी. हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी ती किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), एल्क आणि मूस (एल्कहूनही मोठं हरीण) यांच्यासाठी किमान ८५ ग्रेनची. शिवाय १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड असली पाहिजे. म्हणजे .२२३ची रायफल घरात असली तरी ती इथे बाद. तिचा व्यासच कमी पडतो.

ऊर्जेचा हिशेब कागदावर करता येतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (फूट प्रति सेकंद), भागिले ४,५०,२४०. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी २९६० वेगाने सुटते, म्हणजे नळीच्या तोंडाशी सुमारे १९४५ फूट-पाउंड. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी २७०० वेगाने, सुमारे २३१५. .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी त्याच २७०० वेगाने, सुमारे २९१५.

हे आकडे बघून लोक मोठ्या आकड्याच्या मागे लागतात. पण जनावर पडतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटून रक्त गेल्यामुळे. ते काम गोळीने केलेली जखम करते, आणि जखम केवढी होईल हे गोळीच्या बनावटीवर ठरतं. साधी सॉफ्ट पॉइंट गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्याच्या आत शिसं. ती अंगात शिरली की टोकाकडून भूछत्रासारखी उमलते. हरणाच्या बरगड्यांमागे हे काम उत्तम होतं. तीच गोळी फार वेगात, फार जवळून एल्कच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटून जाते आणि आत काही पोचत नाही.

१९४६ साली जॉन नॉस्लर यांना नेमका हाच अनुभव आला. कॅनडात, चिखलाने माखलेल्या एका मूसवर त्यांच्या मॅग्नम रायफलीच्या गोळ्या आत शिरेनात. घरी येऊन त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढच्या अर्ध्यातलं शिसं उमलतं, मागचा अर्धा भाग भिंतीमुळे शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८पासून ती पार्टिशन नावाने विकली जाते आहे आणि आजही एल्कच्या शिकाऱ्यांच्या खिशात असते. कापलेल्या पार्टिशन गोळीचा एक नमुना माझ्या टेबलावर आहे. ती भिंत नखाने चाचपली की नॉस्लरना काय सुचलं होतं ते लगेच कळतं. जाड पत्र्याच्या, शिसं पत्र्याला जोडून टाकलेल्या गोळ्या आता बऱ्याच कंपन्या काढतात. आणि १९८९मध्ये बार्न्सने पूर्ण तांब्याची गोळी आणल्यापासून तो मार्गही उघडला आहे.

तांब्याच्या गोळीला मात्र उमलायला वेग लागतो. बहुतेक गोळ्यांची खालची मर्यादा १८०० ते २००० फूट प्रति सेकंदाच्या दरम्यान असते. कंपनीच्या माहितीत ती दिलेली असते, ती वाचाच. त्याखाली गोळी न उमलता आरपार निघून जाते, बारीक भोक पडतं आणि जनावर जखमी होऊन कोस न् कोस जातं. .३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट घेतली तर ती २८२० वेगाने सुटते आणि ३०० यार्डांवर पोचेपर्यंत २०००च्या आसपास येते. रायफलीची मर्यादा अशी मोजायची. काडतुसाच्या खोक्यावर मागे वेगाचा तक्ता छापलेला असतो, त्यात बघायचं.

आता धक्क्याबद्दल, कारण पहिल्यांदा जाणारे इथेच फसवले जातात. "एल्क मोठा असतो, मॅग्नम घ्या," हा सल्ला काउंटरमागून फार सहज दिला जातो. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का साधारण १२-१३ फूट-पाउंड असतो, .३०८चा १७-१८, .३०-०६चा २०च्या आसपास आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५च्या पुढे. २५ ऐकायला फार वाटत नाही. पण खांद्याची एकदा भीती बसली की चाप ओढायच्या आधीच अंग आक्रसतं आणि नळी खाली जाते.

आपल्याला ही सवय लागली आहे का ते तपासायला एक साधी रीत आहे. रेंजवर मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि खऱ्या काडतुसांत एखादं सरावाचं खोटं काडतूस मिसळायला सांगा. कुठलं कधी येणार ते तुम्हाला माहीत नको. खोट्यावर चाप ओढला आणि नळीचं टोक बुडालं, तर तो धक्का तुम्हाला झेपत नाही. अशा वेळी लहान काडतूस घ्यावं. त्यात कसलाही कमीपणा नाही.

माझं स्वतःचं मत असं: म्यूल डियर आणि प्राँगहॉर्नसाठी .२४३, ६.५ क्रीडमूर, .२७०, .३०८ यांतलं काहीही घ्या, साधी सॉफ्ट पॉइंटही चालते. प्राँगहॉर्न जेमतेम ५० किलोचा असतो. एल्कची मादी २२५ किलोच्या आसपास आणि नर ३००च्या पुढे, तिथे ६.५ क्रीडमूरपासून वर, पण १६५ किंवा १८० ग्रेनच्या मजबूत गोळीचं .३०८ किंवा .३०-०६ मला सर्वांत जास्त पटतं. .३०-०६ हे १९०६चं लष्करी काडतूस, .२७० हे १९२५मध्ये त्याच घराण्यातल्या पुंगळीचं तोंड अरुंद करून बनवलेलं. दोन्ही जुनी आहेत, आणि दोन्ही क्रेग किंवा मीकरसारख्या छोट्या गावातल्या दुकानातही मिळतात. सामान हरवलं, काडतुसं घरी राहिली, तर ही गोष्ट फार उपयोगी पडते.

हँडगनबद्दल थोडक्यात. कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर, किमान ४ इंच नळी आणि ५० यार्डांवर ५५० फूट-पाउंड ऊर्जा लागते. वरचाच हिशेब .३५७ मॅग्नमला लावा: १५८ ग्रेन, १२३५ वेग, उत्तर येतं ५३५, तेही नळीच्या तोंडाशी. म्हणजे दुकानातलं नेहमीचं .३५७ काडतूस इथे बसत नाही. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी १३५० वेगाने सुमारे ९७० देते आणि ५० यार्डांवरही सातशेच्या वर राहते. पण ज्याने रायफलीने शिकार केलेली नाही त्याने हँडगनने सुरुवात करू नये. हे मी आग्रहाने सांगतो आहे.

ओहायोकर

फार चांगला धागा. आमच्याकडचं चित्र अगदी वेगळं आहे म्हणून लिहितो. ओहायोत हरणासाठी .३०-०६ नेताच येत नाही. रायफल चालते ती सरळ पुंगळीच्या काडतुसाची, .३५७ ते .५० कॅलिबरमधली. म्हणजे पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत सरळ, पुढे बाटलीची मान नाही. पूर्वी तर फक्त शॉटगन आणि ठासणीची बंदूक होती. सरळ पुंगळीच्या रायफली २०१४पासून आल्या.

कारण सपाट जमीन आणि दाट वस्ती. डोंगरात गोळीच्या मागे डोंगर असतो. आमच्याकडे मक्याच्या शेतामागे रस्ता आणि रस्त्यामागे कुणाचं तरी घर. ही काडतुसं मंद आणि जड गोळीची, लवकर खाली येतात. .४५० बुशमास्टर आहे, आणि २०१९मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड काढलं ते तर अशाच राज्यांसाठी. त्याचा धक्का इतका कमी की माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी न घाबरता नेम लावला. दीडशे यार्डांपर्यंत इथल्या व्हाइटटेल हरणाला पुरून उरतं.

हँडगनबद्दल: मी मचाणावरून .४४ मॅग्नम वापरतो. इथे नळी किमान ५ इंच लागते, माझी साडेसात इंच आहे आणि वर छोटी दुर्बीण आहे. मचाणाच्या कठड्यावर दोन्ही मनगटं टेकवल्याशिवाय मी चाप ओढत नाही. काडतूस १०० यार्डांपर्यंत काम करेल हो, पण माझा हात तिथपर्यंत काम करत नाही, म्हणून मी ५० यार्डांत थांबतो. वर धागाकर्त्यांनी सुरुवात रायफलीने करा म्हटलं आहे, त्याला पूर्ण अनुमोदन.

ह्यूस्टनवासी

टेक्सासमधून एक भर. इथे आपली दोन जनावरं मोकळी फिरतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चितळ १९३२ साली इथे आणले, त्यांना ॲक्सिस म्हणतात. आणि रोही, म्हणजे नीलगाय, दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर आणले होते. तिथून ते किनाऱ्याकडच्या माळांवर पसरले. ही बाहेरून आणलेली जनावरं असल्यामुळे त्यांना बंद हंगाम नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी लागते.

चितळाला ६.५ क्रीडमूर किंवा .२४३ भरपूर होतं. चितळाचं मांस मी खाल्लेल्या सगळ्या हरणांत उत्तम. रोहीची गोष्ट निराळी. मोठा नर २५० किलोच्या पुढे जातो, कातडी जाड, मानेखाली तर फारच. जखमेतून बाहेर रक्त कमी येतं, त्यामुळे झुडपात शिरला की माग काढणं कठीण. त्याचं हृदय आणि फुप्फुसंही हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात. हरणाच्या सवयीने खांद्यामागे नेम धरला तर गोळी मागे बसते. इथले गाइड .३०० विंचेस्टर मॅग्नम सांगतात ते या जनावरासाठी समजण्यासारखं आहे. पण मी .३०-०६ आणि १८० ग्रेनची पार्टिशन घेऊन जातो, दीडशे यार्डांच्या आत, खांद्याच्या हाडावरच नेम धरून. माळरान यांनी गोळीच्या बनावटीबद्दल जे लिहिलं आहे ते रोहीइतकं दुसरं कुठलंच जनावर शिकवत नाही.

सावली

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे हे मान्य, पण मला मनापासून प्रश्न पडतो. दुकानात मांस मिळत असताना एक जिवंत, मोकळं जनावर मारायचं कशाला? आणि त्यावर इतक्या बारकाईने चर्चा?

माळरान

सावली, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

मी मांस खातो. पिंजऱ्यात वाढलेल्या जनावरापेक्षा आयुष्यभर मोकळं चरलेलं एक जनावर वर्षाला घ्यावं हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. इथला कायदा मांस वाया घालवू देत नाही. खाण्याजोगा भाग जंगलातून बाहेर काढावाच लागतो, मग पाठीवरून चार खेपा का होईनात.

दुसरं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क फार थोडे उरले होते. बेबंद बाजारी शिकारीने संपवले होते. मग वायोमिंगहून आणून सोडले, शिकारीवर मर्यादा घातली, आणि आज या राज्यात अमेरिकेतले सर्वांत जास्त एल्क आहेत. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला; आज तो ११ टक्के आहे, आणि हँडगनवरचा १० टक्के करही नंतर त्यात आला. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवाने किती द्यायचे ते खातं दर वर्षी कळपांच्या गणनेवरून ठरवतं.

एल्क खाणारे लांडगे इथून नाहीसे झाले होते. २०२०मध्ये मतदारांनी परत आणायचा कौल दिला आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये पहिले सोडले. ते वाढोत, मला आनंदच आहे.

आणि बारकाईने चर्चा का, तर चुकीच्या गोळीने किंवा न पेलणाऱ्या रायफलीने जनावर जखमी होऊन दोन-दोन दिवस तडफडतं म्हणून. मारायचं ठरवल्यावर ते एका बारात, काही सेकंदांत संपलं पाहिजे एवढं आपण त्या जनावराचं देणं लागतो. तुमचा विरोध कायम राहिला तरी मी समजू शकतो.

सावली

विरोध आहेच, पण उत्तर सरळ दिलंत त्याबद्दल आभार. जखमी जनावराचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

पैनगंगा

मी यवतमाळकडचा. इथे शिकारीचा प्रश्न नाही, पण काडतुसांच्या इतिहासाचा नाद आहे. ओहायोकरांचं वाचून वाटलं की आपल्याकडेही कॅलिबर जनावरापेक्षा कायद्यानेच जास्त ठरवलं आहे.

१९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांच्या हाती त्या मापाच्या गोळ्या पडू नयेत म्हणून. आता हत्ती आणि गव्याच्या शिकारीला तर .४५०च चालायची. मग लंडनच्या कारागिरांनी .४७०, .४६५, .४७५ अशी नवी मापं काढली. .४७० आजही आफ्रिकेत चालते, आणि तिच्या जन्माला कारण हा इथला एक सरकारी हुकूम.

नंतर .३०३चंही तेच. लष्करी काडतूस म्हणून ते सामान्य माणसाला बंद. म्हणून इशापूरच्या कारखान्याने .३१५ची रायफल काढली, जिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटर मॅनलिखर. पीकरक्षणाच्या परवान्यावर आमच्याकडे अनेक घरांत तीच होती, नाही तर बारा बोअरची दुनळी.

लहान कॅलिबरच्या बाजूने एक उदाहरण देतो. १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटना रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली. ती म्हणजे ७ बाय ५७ माउझर, १८९२चं काडतूस. पुढे अनेक नरभक्षकांच्या मागे ते हलकी म्हणून हीच घेऊन जात.

माळरान

पैनगंगा, हे .४५०चं मला माहीत नव्हतं, आभार. ७ बाय ५७ आजही एल्कला चालते. ६.५ क्रीडमूरला जे लोक नवं खूळ म्हणतात त्यांनी या जुन्या काडतुसाचे आकडे शेजारी ठेवून बघावेत. लांब, सडपातळ गोळी आणि मध्यम वेग, दोन्हींमागचा विचार एकच आहे.

नवखा

माळरान दादा, मी एच-वन-बीवर आहे. मित्र म्हणतो व्हिसावर असताना बंदुकीला हात लावणंही गुन्हा आहे. खरं आहे का? मग कॅलिबरचा विचारच सोडून देऊ का?

माळरान

बरं झालं विचारलंस. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, आणि यात रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंही येतं. अपवादांपैकी एक म्हणजे तुझ्या नावावर मुदतीतला शिकारीचा परवाना असणं. मुदत संपली की सूटही संपते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

तेव्हा क्रम असा ठेव: आधी शिकार-शिक्षणाचा कोर्स (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतोच), मग परवाना, मग रेंज. आणि खरेदीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचार. राज्याचे नियम वेगळे असू शकतात आणि इथे चूक झाली तर व्हिसाच जातो. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

घाटमाथा

मला यंदा एल्कच्या मादीचा परवाना लागला आहे. उंची पाच फूट एक इंच. दुकानात .३०८ खांद्याला लावून बघितली तर दुर्बिणीत नीट दिसायला मान पुढे ताणावी लागत होती. दुकानदार म्हणाला, "मग .२४३ घ्या, बायकांना तीच बरी." एल्कला .२४३ पुरेल का?

माळरान

ताई, कायद्याने पुरेल, १०० ग्रेनची गोळी ८५च्या वर आहे. मी मात्र तुम्हाला ती सुचवणार नाही. .२४३ने एल्क पडतो, पण जनावर बरोबर आडवं उभं असेल, अंतर कमी असेल आणि गोळी बरगड्यांमधूनच जाईल तर. थोडा कोन बदलला तर पुरेशी आत जात नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला जास्त सवलत देणारं काडतूस हवं.

तुमची अडचण कॅलिबरची नाहीच. दस्त्याची लांबी जास्त आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत बहुतेक रायफलींत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतात. तुम्हाला साडेबारा-तेरा लागतील. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड दंडाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि बोट चापावर सहज पोचतं का बघा. आखूड दस्त्याच्या रायफली बहुतेक कंपन्या काढतात, काहींत मागे लावायच्या चकत्या कमी-जास्त करता येतात. दस्ता मापाचा असला की धक्का खांद्याच्या खळगीत बसतो. नाही तर तो दंडावर नाही तर गालावर लागतो आणि रायफल आहे त्याहून दुप्पट जोरात मारते असं वाटतं.

मापाच्या दस्त्यात ६.५ क्रीडमूर घ्या, १४० ग्रेनच्या वरची जाड पत्र्याची गोळी किंवा १२०-१३० ग्रेनची तांब्याची. मादीसाठी उत्तम. कानाला संरक्षण सरावात आणि शिकारीत दोन्हीकडे वापरा. सायलेन्सर कोलोरॅडोत शिकारीला चालतो, धक्काही कमी करतो, पण कागदपत्रं वेगळी लागतात.

घाटमाथा

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आभार. मग अंतर किती ठेवू? यूट्यूबवर ६.५ने ४०० यार्डांवर नर पाडताना दाखवतात.

माळरान

४०० नको. २०० यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे तिथे नेमक्या नेमाच्या जागी बसेल अशी दुर्बीण जुळवलेली) ६.५ची गोळी ३०० वर साधारण आठ इंच खाली येते आणि ४०० वर २० इंचांहून जास्त. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ३०० वर तिला पाच-सहा इंच बाजूला नेतो. दरीत तुमच्याजवळ वारा एका दिशेने आणि जनावराजवळ दुसऱ्याच दिशेने वाहत असतो. व्हिडिओत न सापडलेली जनावरं दाखवत नाहीत.

तुमचं अंतर असं काढा. आठ-नऊ इंचांची कागदी ताटली लावा. एल्कच्या फुप्फुसांची जागा त्याहून मोठी असते, म्हणजे थोडी सूट उरते. बाकावरून नाही, मांडी घालून किंवा गुडघ्यावर बसून, काठ्यांच्या आधाराने, थोडं पळून दम लागलेला असताना मारा. सगळ्या गोळ्या ज्या अंतरापर्यंत ताटलीत बसतात, तेवढंच तुमचं अंतर. पहिल्या हंगामात ते दीडशे निघालं तरी हरकत नाही. नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. जनावर आडवं किंवा थोडं पाठमोरं तिरपं असताना. समोरून येत असेल तर थांबा. बार लागल्यावर लगेच पुढचं काडतूस चढवा आणि जनावर पडलं तरी दुर्बिणीतून नजर हलवू नका.

कॅम्पवर पोचल्यावर झीरो पुन्हा तपासा. गाडीत आदळून दुर्बीण हलते, आणि तुम्ही समुद्रसपाटीच्या राज्यातून येत असाल तर दहा हजार फुटांवर विरळ हवेत गोळी किंचित वर लागते.

एक विसरलो होतो. काही भागांत मारलेल्या हरणाचं किंवा एल्कचं डोकं तपासणीला देणं बंधनकारक असतं, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या मेंदूच्या रोगासाठी. हा रोग पहिल्यांदा १९६७मध्ये इथेच, फोर्ट कॉलिन्सला दिसला. बंधन नसलं तरी तपासून घ्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा.

ऑगस्टपासून मी रविवारी सकाळी रेंजवर असतो. यायचं असेल तर निरोप टाका. .३०८ आणि आखूड दस्त्याची ६.५ दोन्ही आणतो, मारून बघा आणि मग खरेदी करा. नवखा, तूही ये, पण आधी परवाना हातात घेऊन.